दुपारची झोप

अश्लेषा आईच्या पाळणाघरातल्या दुपट्यांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात नगरपालिकेच्या तपासणीच्या बाई आल्या. आई गेल्याचं त्यांना दारातच सांगावं लागलं. चपला काढता काढता त्या थबकल्या.

"मागच्या खेपेला बजावलं होतं हो त्यांना. दुपारी मुलांपाशी दुसरं मोठं माणूस हवंच. 'लेक येणार आहे आता कायमची,' म्हणाल्या होत्या."

"येणारच होते," अश्लेषा म्हणाली.

"मुलं घाबरली असतील."

"नाही घाबरली."

आईची शिस्तच तशी होती. जो आधी उठेल त्यानं आपलं दुपटं अजून झोपलेल्याच्या अंगावर घालायचं आणि आवाज न करता बसायचं. त्या दिवशी एकेक मूल उठत गेलं, आई काही उठली नाही. संध्याकाळी पालक न्यायला आले, तेव्हा सगळी दुपटी तिच्या अंगावर होती आणि मुलं भोवती गप्प बसली होती.

बाई सवयीनं खिडकीची जाळी खडखड हलवून पाहू लागल्या. इतक्यात पाळणाघरातली जुई आपल्या आजोबांचा हात सोडून आत आली. तिचं पिवळं दुपटं न्यायचं राहिलं होतं. अश्लेषानं ते स्वतःच्या उशीखालून काढून तिच्यापुढे धरलं. जुईनं घेतलं नाही.

"आजी उठली?"

अश्लेषाला खोटं बोलवेना. "नाही गं."

"मग तिलाच राहू दे," जुई कुजबुजली आणि ओठांवर बोट ठेवून तिनं बाईंकडे पाहिलं.

बाईंनी जाळीवरचा हात अलगद काढून घेतला.