वणव्याचं बारसं

"वणव्याला माणसाचं नाव देणं बरं दिसत नाही," माजी सरपंच भाऊसाहेब चावडीवर म्हणाले. "यंदाच्याला दैवी कोप म्हणा."

खांबाला टेकलेल्या हौसाबाईच्या लुगड्याला अजून तिच्या जळक्या गोठ्याचा वास येत होता. आतली म्हैस वाचली नव्हती. वाडीत वणव्याला पेटवणाऱ्याचंच नाव पडायचं, आणि ते कुणाच्या बापाला पुसता यायचं नाही. बिडी फेकणारा गणपा कधीचा मेला, तरी 'गणपाच्या वणव्यात माझं लगीन झालं' असं बाया अजून सांगायच्या. भाऊसाहेबांनी तर प्लॉट पाडायला भरदुपारी स्वतःचा माळ पेटवला आणि घरी जाऊन आमरस-पुरी हाणली. गोठा पेटला तेव्हा ते घोरत होते.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोन-चार माना डोलल्या. "कोपच म्हणायचा," कुणीतरी पुटपुटलं. हौसाबाईला त्या डोलणाऱ्या मानांचीसुद्धा किळस आली.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "सरकारनं बांधलेल्या टाकीवर तुमचं नाव. आमच्या वर्गणीच्या कमानीवर तुमचं नाव. मसणातल्या बाकड्यावरबी तुमचंच. जन्मात ही एकच गोष्ट तुम्ही सोताच्या हातानं केली, अन् नेमकं तिच्यावर नाव नको?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. भाऊसाहेब चपला शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावचा दूधवाला सवयीनं कॅन घेऊन हौसाबाईच्या दारात आला. रिकामी दावण बघून हळहळला, "भाऊसाहेबाच्या वणव्यात गेली व्हय म्हैस?"