शेंदराचा ठिपका

किल्ली घरंगळून गाडीखाली गेली म्हणून केतकी पोर्चच्या फरशीवर आडवी झाली आणि गारच पडली. इंजिनचं ऑइल सोडायच्या नटावर शेंदराचा ठिपका तसाच होता. सहा महिन्यांपूर्वी, खंडेनवमीच्या पूजेला आबांनी लावलेला. शोरूममध्ये ऑइल बदलून तर आठवडाच झाला होता!

"आबा, नटाला हातसुद्धा लावला नाही मेल्यांनी! आणि सर्व्हिस बुकात शिक्का!"

"असू दे गं," आबा पुटपुटले. एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक असलेल्या बापाला तिनेच चारचौघांत सुनावलं होतं, माझ्या स्पोर्ट्स कारला एसटीचा हात नको.

आज तिने स्वतः जॅक लावला, घमेलं सरकवलं, नट सोडला. डांबरासारखं काळं ऑइल येणार, ही खात्री होती. आलं ते मधासारखं सोनेरी. तिने वळून आबांकडे पाहिलं.

"पहिल्या सर्व्हिसनंतरच ठिपका तसाच दिसला मला," आबा म्हणाले. "तेव्हापासून तू कंपनीच्या बसने गेलीस की मीच बदलतो. नट आवळला की पुन्हा ठिपका लावतो, सवय."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्याकडे शिक्का कुठे होता?"