नळीवरची टेंगळं

बैठकीतला गॅसचा मीटर बायकोच्या डोळ्यांत सलत होता. फिटरने तो दाराबाहेर हलवला, गॅस नव्या नळीतून फिरवला आणि भिंतीवरची जुनी नळी प्लायवूडच्या पेटीत झाकली. बायको खूश झाली.

तिसऱ्या दुपारी पेटीतून ठोके ऐकू येऊ लागले. नवऱ्याने फिटरला बोलावून घेतलं.

"वहिनी, नळी रिकामी आहे. दोन्ही तोंडं मीच बंद केलीत," फिटर म्हणाला. पण ठोके ऐकून त्याचाही चेहरा उतरला.

नवऱ्याचं डोकं फिरलं. त्याने हातोड्याने पेटी फोडली. लोखंडी नळीवर बोराएवढी टेंगळं आली होती, आतून मार बसल्यासारखी. बघता बघता आणखी एक वर आलं.

"दादा, मारू नका!" फिटर ओरडला.

नवऱ्याने सगळा जोर लावून नळीवर घाव घातला. ठोके थांबले.

"बघ, गप्प बसलं की नाही?" तो धापा टाकत बायकोला म्हणाला.

ती समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. त्या भिंतीत कधीच नळी नव्हती. तिथूनच आतून घाव आला, गिलावा फुटला आणि बायको रक्ताळलेल्या डोक्याने खाली कोसळली.

फिटर तिला उचलायला धावला. पुढचा घाव त्याच्या पायाखालून आला.