वांझोटी फुलं

बजरंगच्या ताटात भोपळ्याच्या फुलांची भाजी होती आणि तो ती नुसती चिवडत होता. ओसरीच्या कडेला त्याच्या बायकोचं, रतनचं, गाठोडं बांधून तयार होतं. तिला माहेरी, कामशेतला, न्यायला तिचा भाऊ सोपान आला होता. या खेपेला कायमचं.

"कवळ्या भोपळ्याकडं बोट करू नये, एवढं बी हिच्या आयशीनं शिकवलं न्हाई," बजरंगची आई धोंडाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होती. "दाखवायचाच आसंल तर बोट दुमडून दाखवावा. हिनं दाखवला सरळ. आन त्ये बी वांझंचं बोट! समदा येल नासला माजा."

गोठ्यावरचा वेल मात्र कसला माजला होता! पानं परातीएवढी, फुलांना तोटा नाही. पण फुलाखालचा सुपारीएवढा गोळा पिवळा पडायचा आणि टपकन गळायचा. भादवा निम्मा सरला तरी एक भोपळा धरला नव्हता. त्याचं कारण धोंडाबाईचं सगळ्या वलवण गावाला सांगून झालं होतं.

रतन उंबऱ्याशी उभी होती. ती तोंड उघडणार नाही हे बजरंगला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. पुण्याच्या डॉक्टरनं दोघांना तपासलं होतं. रतनमध्ये काही उणं नव्हतं, उणं त्याच्यात होतं. दवाखान्याच्या पायरीवर त्यानं बायकोपुढं हात जोडले होते, "आईला सांगू नगंस." आणि घरी येऊन आईला उलटंच सांगितलं होतं. रतननं शब्द पाळला. त्या शब्दापायीच आज ती घराबाहेर निघाली होती.

तेवढ्यात शेजारची चिमाबाई विस्तव मागायला आली. दारातली टोपली बघून ती थबकलीच. टोपलीत लांब देठांची पिवळीधमक फुलं भरली होती.

"अगं बया! ही समदी तू खुडलीस?"

"रोज खुडती. उजाडलं की पयलं त्येच काम," धोंडाबाई म्हणाली. "वांझोटी हायेत ती. खाली गोळा न्हाई, काय न्हाई. नुसती येलाचं खात्यात. म्हनून भाजीत घालती."

चिमाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "धोंडे, नर हायेत गं त्ये! ह्येंच्यातली पिवळी भुकटी माशी त्या गोळ्यावाल्या फुलात नेती, तवा कुटं भोपळा धरतो. नर समदे तू शिजवून खाल्लेस, मंग गोळा गळंल न्हाईतर काय व्हईल? आन बोल लावतीस पोरीच्या बोटाला!"

धोंडाबाईचा चेहरा पार उतरला. ती सुनेकडं वळली.

"रतन, तुला ठावं व्हतं ह्ये?"

"व्हय, आत्याबाई. म्हायेरी काकड्या लावतो की आमी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"वांझोटं कोन आन कोन न्हाई, ह्ये मी सांगून कुनी ऐकलं असतं?"

एवढं बोलून रतननं नवऱ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं.

बजरंग मेव्हण्याकडं वळला. "सोपानभाऊ, निघा आता," तो म्हणाला. "गाडी चुकंल."

बोलून गेला आणि त्याची त्यालाच किळस आली.

रतन सासूच्या पाया पडली. गाठोडं काखेत मारलं. जाता जाता टोपलीतलं एक फूल उचलून तिनं त्याच्या पाकळ्या तोडल्या, आणि गोठ्याच्या कडेला उमललेल्या एका गोळ्यावाल्या फुलात त्याचा भुकटीनं माखलेला दांडा हलक्या हातानं फिरवला. "सकाळचं असं करत जा, आत्याबाई," ती म्हणाली. "धरतील." मग भावाच्या मागोमाग ती रस्त्याला लागली.

धोंडाबाई त्या फुलाकडं बघत राहिली. मग तिनं लेकाकडं बघितलं. त्याची मान ताटात गेली होती.

"बजरंग, पानशेतचं धरान फुटायच्या आदी तुमी पुन्याला गेलता. डाक्टर काय म्हनला व्हता रं? माज्याकडं बघून सांग."

त्याला वर बघवेना. चिमाबाई विस्तव घ्यायचं विसरून तशीच उभी होती.

 धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. "आळीभर वांझ म्हनत फिरले रं मी त्या पोरीला," ती पुटपुटली. डोळे पुसून वळली ती वेगळीच. त्याच्यापुढचं ताट तिनं ओढून घेतलं आणि त्याच्याकडं बोट रोखलं. सरळ. दुमडलं नाही.

"ऊठ. गाडी सुटायच्या आत गाठ तिला. आन परत आनताना खोट कुनाची ती दारोदार सांगत ये. पयलं ह्या चिमाबाईला सांग."