टाळूचा वास

न्हाऊ घालून, धुरी देऊन सासूबाईंनी बाळ इरावतीच्या मांडीवर ठेवलं. तिने त्याच्या टाळूवर नाक टेकवलं. तेलाचा वास रोजच यायचा, धुरीचाही. पण तिच्या आत काही हलायचं नाही.

पहिला मुलगा ओजस गेल्यावर कुठल्याही तान्ह्याचा वास आला की ती कोसळायची. शेवटी डॉक्टरांनी त्या वासाची ओळखच तिच्या मेंदूतून पुसून टाकली होती. "पुढे मूल झालं, की हुंगत राहा. मेंदू नव्याने शिकेल," असं ते म्हणाले होते.

आज मात्र हुंगता हुंगता तिचा ऊर भरून आला, पान्हा फुटला.

सासूबाईंनीही टाळू हुंगली आणि डोळ्यांना पदर लावला. "अगदी ओजससारखा वास येतो गं."

इरावतीने बाळाला घट्ट धरलं. "आई," तिने हळूच विचारलं, "त्याचा कसा यायचा?"