भरायची राहिलेली फाइल

“ताई, अण्णांची शेवटची फाइल भरलीच नाही,” साठवण केंद्रातला माणूस फोनवर म्हणाला. “छोट्या फायलींनी क्लाउड तुंबतो, म्हणून अर्धवट फाइल आम्ही ठेवत नाही. अण्णा गेल्यामुळे संध्याकाळी त्यांचं खातं बंद होईल, की ती पुसली जाईल.”

केतकीने भिंतीवरच्या बोलक्या पेटीकडे पाहिलं. आई गेल्यावर अण्णांना सोबत म्हणून तिनेच ती बसवली होती. पेटीशी झालेलं बोलणं तेवढं वर क्लाउडमध्ये जायचं. मधली शांतता गाळली जायची.

“काहीच करता येणार नाही?”

“पेटी चालू आहे ना? मग तुम्ही बोला तिच्याशी. आवाज कुणाचाही चालतो.”

ती खुर्ची ओढून बसली. आधी जीभ रेटेना. मग पुण्यातली नोकरी, मोडलेलं लग्न, अण्णांपासून लपवलेलं आजारपण, सगळं बाहेर पडलं. चहा गार झाला, घसा बसला, तरी ती बोलत राहिली. उन्हं उतरताना पेटीवरचा दिवा हिरवा झाला. फाइल भरली होती.

तिने ती सुरुवातीपासून लावली.

“अण्णा, केतकीताईंना फोन लावू?” पेटीने विचारलं होतं.

“नको. कामात असेल ती.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

“नको गं. कामात असेल.”

असं कितीतरी दिवस. आवाज खोल खोल जात होता.

“अण्णा, केतकीताईंना फोन लावू?”

या वेळी उत्तर नव्हतं. लगेच पुढे केतकीचाच आवाज आला, “अण्णा, ऐकताय ना?”