दहा सेकंद

दिंडोरीतल्या शेततळ्याच्या काठावर तीन शिडं, दोन डोलकाठ्या, एक रिमोट आणि दमलेली प्रणाली होती. तिची रिमोटवर चालणारी शिडाची बोट हे तळं पन्नास सेकंदांत ओलांडायची. क्लबच्या शर्यतीसाठी निवड व्हायची तर चाळीस सेकंद हवे होते. त्यासाठी चार महिने ती शिडं कापत होती, बुडाचं शिसं तासत होती.

आज चाळीस लागले. ती बागेला पाणी देणाऱ्या अण्णांकडे वळली.

“अण्णा, दहा सेकंद वाचले!”

“अन् चार महिने गेले त्याचं काय, बाई? बागेला पाणी देऊन देऊन तळं निम्म्यावर आलं, तुझी बोट काय घरी येईना.”

प्रणाली पाण्याकडे बघत राहिली. मग तिने टेपचं एक टोक अण्णांच्या हातात दिलं.



चार महिन्यांपूर्वी या काठापासून त्या काठापर्यंत चाळीस मीटर पाणी होतं. आज बत्तीस भरलं.